‘हौशी’ या संज्ञेचा पेच : दूरचित्रवाणीवरील पाककला-स्पर्धेची संहिता

१

पाककलेची स्पर्धा मराठी समाजाला नवी नाही. सातारा-सांगलीसारख्या शहरांतून महिला मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे अशा स्पर्धा दीर्घकाळ भरवीत आली आहेत. घरून करून आणलेला पदार्थ टेबलावर मांडावा, परीक्षकांनी तो चाखावा आणि संध्याकाळी बक्षीस म्हणून स्टीलचे एखादे भांडे द्यावे, एवढाच त्यांचा विस्तार असे. दूरचित्रवाणीने या प्रकाराला दिलेला रूपबंध मात्र मूलतः वेगळा आहे. इंग्लंडमध्ये १९९० साली फ्रँक रॉडम यांच्या कल्पनेतून बीबीसीवर ‘मास्टरशेफ’ सुरू झाला. २००५ मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली, २००६ मध्ये नामवंतांसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती निघाली आणि २०१० मध्ये तो हिंदीत आला. पहिल्या हिंदी पर्वात लखनौमधील शिक्षिका पंकज भदौरिया विजेत्या ठरल्या. २०२५ मध्ये सोनी वाहिनीवर नामवंतांचे हिंदी पर्व झाले. त्यात उषा नाडकर्णी यांच्यासारख्या मराठी रंगभूमीवरील ज्येष्ठ अभिनेत्रीही स्पर्धक होत्या. मराठीत २००७ पासून झी मराठीवर ‘आम्ही सारे खवय्ये’, २०२१ च्या डिसेंबरपासून त्याच वाहिनीवर ‘किचन कल्लाकार’ आणि २०२५ मध्ये स्टार प्रवाहवर ‘शिट्टी वाजली रे’ असा हा प्रवास सांगता येतो. यांतील पहिला कार्यक्रम मुख्यतः प्रात्यक्षिकाचा होता. पुढच्या दोहोंत नामवंतांची चुरस केंद्रस्थानी आली.

साहित्यसमीक्षेने या करमणुकीची दखल का घ्यावी, असा आक्षेप येथे घेतला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर समीक्षेच्या परिभाषेतच आहे. रस, रुची, आस्वाद, चर्वणा या संज्ञा जिभेच्या व्यवहारातून काव्यशास्त्रात आल्या. भरताने रसाची उपपत्ती मांडताना दृष्टान्त घेतला तो जेवणाराच. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा रसिक जसा रसांचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. नाट्य समजावून सांगण्यासाठी ज्या परंपरेने स्वयंपाकघराचा आधार घेतला, तिच्या वारसांसमोर आज स्वयंपाकच नाट्य होऊन उभा आहे. या उलट्या प्रवासात काय गळून पडते, याचा विचार काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

दुसरे उत्तर भाषिक आहे. या कार्यक्रमांची सारी रचना ‘हौशी’ आणि ‘नामवंत’ या दोन वर्गांवर उभी आहे. ही वर्गवारी निरुपद्रवी वाटते. परंतु स्वयंपाकाच्या संदर्भात ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ नेमका काय, असे विचारताच तिच्यातील पेच दिसू लागतो.

२

प्रथम संहितेच्या घडणीचा विचार केला पाहिजे. या कार्यक्रमांत पदार्थ शिजतो तो घड्याळाच्या धाकाखाली. आयत्या वेळी उघड केलेले साहित्य, मिनिटांची उलटी गणती, शेवटच्या क्षणी हललेले ताट आणि परीक्षकाच्या पहिल्या घासानंतरची लांबवलेली शांतता हे तिचे ठरलेले घटक होत. यांतील एकही घटक चवीशी निगडित नाही. चव पडद्यावरून पोहोचू शकत नाही, ही या प्रकाराची मूलभूत मर्यादा आहे आणि त्याची सारी तंत्रे या अभावावर पांघरूण घालण्यासाठी घडलेली आहेत.

रससिद्धान्ताच्या परिभाषेत सांगायचे तर येथे आस्वादाचे हस्तांतर झालेले असते. पदार्थाचा प्रत्यक्ष आस्वाद घेणारा एकटा परीक्षक असतो. प्रेक्षकाला दिसतात ते त्याचे अनुभाव : उंचावलेली भुवई, मिटलेले डोळे, मान हलवणे. या अनुभावांवरून प्रेक्षकाने चवीचे अनुमान करायचे असते. पण अनुमान हा आस्वाद नव्हे. अभिनवगुप्ताची चर्वणा म्हणजे सहृदयाने स्वतः घेतलेला अनुभव. तो दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. त्यामुळे प्रेक्षक पदार्थाचा सहृदय होऊच शकत नाही. तो सहृदय होतो स्पर्धकाच्या नशिबाचा. कोण राहणार, कोण जाणार, कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार, हाच खरा आस्वाद्य विषय ठरतो आणि अन्न त्याला केवळ निमित्त पुरवते.

रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये एका फ्रेंच स्त्री-साप्ताहिकातील पाककृतींच्या रंगीत छायाचित्रांचे विश्लेषण केले आहे. ज्या वाचकवर्गाला ते पदार्थ परवडणार नाहीत त्याच्यासाठी छापलेले हे अन्न डोळ्यांनी खाण्याचे आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. दूरचित्रवाणीवरील स्पर्धा एक पाऊल पुढे जाते. छायाचित्रात अन्न तरी मध्यभागी होते. येथे अन्नाविषयीचा निकाल मध्यभागी येतो. कांटने जिभेला रुचणे आणि सौंदर्यविषयक निर्णय यांत भेद केला, तेव्हा जिभेच्या आवडीला सार्वत्रिकतेचा दावा करता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. या कार्यक्रमांत नेमका तोच दावा केला जातो. परीक्षकाची आवड सर्वांसाठीचे प्रमाण म्हणून मांडली जाते, आणि तिची शहानिशा करण्याचे कोणतेही साधन प्रेक्षकाच्या हाती नसते. पुस्तकाचे परीक्षण वाचून वाचक पुस्तकाकडे वळू शकतो आणि परीक्षकाशी असहमत होऊ शकतो. हे स्वातंत्र्य येथे संभवत नाही. असहमतीची शक्यताच नसलेली समीक्षा, असे या निकालाचे वर्णन करता येईल.

३

आता ‘हौशी’ या संज्ञेकडे वळता येईल. मराठीत तिला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः रंगभूमीमुळे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते सांगलीत. त्याच सांगलीत आजही राज्य नाट्य स्पर्धेतील हौशी संस्थांचे प्रयोग होतात. या परंपरेत हौशी म्हणजे जो व्यावसायिक नाही तो. दिवसभर बँकेत, शाळेत किंवा कारखान्यात काम करून संध्याकाळी तालमीला जाणारा माणूस या शब्दाने सूचित होतो. त्याने नाटक करावे अशी सक्ती कोणी करीत नाही. त्याने उद्या नाटक सोडले तर घरात कोणी उपाशी राहत नाही. मोबदल्याचा अभाव आणि निवडीचे स्वातंत्र्य अशा दोन अटींवर ही संज्ञा उभी आहे.

घरातील स्वयंपाकाला यांतील पहिली अट लागू पडते, दुसरी पडत नाही. तीस वर्षे दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारी गृहिणी व्यावसायिक नाही हे खरे. पण म्हणून ती हौशी ठरत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात सहभागी असणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ९७ मिनिटे. पाच तासांच्या या नित्यकर्माला हौस म्हणणे हा भाषेचा अपवापर आहे. मोबदला नाही आणि निवडही नाही, अशा श्रमांसाठी या कार्यक्रमांच्या परिभाषेत शब्दच उपलब्ध नाही. ‘हौशी’ हा शब्द ती रिकामी जागा भरतो आणि भरताना श्रमांमधील सक्ती पुसून टाकतो.

जुनी मराठी संज्ञा होती ‘सुगरण’. तीही निर्दोष नव्हती. तिच्या कौतुकात कर्तव्याची अपेक्षा दडलेली होती. पण निदान ती प्रामाणिक होती. सुगरण नसलेल्या बाईला समाज नावे ठेवी, हे त्या शब्दाच्या व्यवहारातून स्पष्ट दिसे. हौशी नट नसलेल्याला मात्र कोणी नावे ठेवीत नाही. ‘सुगरण’कडून ‘हौशी स्पर्धक’कडे झालेल्या या भाषांतरात जबाबदारी तशीच राहिली, तिचे नाव तेवढे बदलले.

नामवंतांच्या बाबतीत हे सूत्र उलटे होते. हौशी स्पर्धकाचे कौशल्य कसाला लागते. नामवंताचे अकौशल्य करमणूक पुरवते. अभिनेत्याला कांदा चिरता न येणे हे हसू निर्माण करते, कारण त्याला तो चिरावा लागत नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. उषा नाडकर्णी यांच्यासारख्या अभिनेत्रीच्या सहभागात आणखी एक थर मिसळतो. ‘माहेरची साडी’ (१९९१) मधील त्यांची खाष्ट सासू मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात आहे. ती प्रतिमा मनात ठेवून त्यांना परीक्षकांसमोर ताट घेऊन उभे राहिलेले पाहणे म्हणजे सुनेची परीक्षा घेणाऱ्या सासूचीच परीक्षा पाहणे होय. येथे आस्वाद घेतला जातो तो भूमिकांच्या उलटापालटीचा. पदार्थ पुन्हा दुय्यमच राहतो.

कार्यक्रमांची शीर्षके या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. ‘आम्ही सारे खवय्ये’ हे शीर्षक खाणाऱ्यांचे आहे. त्या ‘सारे’मध्ये रांधणारीला स्थान आहे ते खाणारी म्हणून. ‘किचन कल्लाकार’मध्ये कलाकाराचा ‘कल्लाकार’ होतो आणि स्वयंपाकघर गोंगाटाचे स्थळ बनते. प्रशांत दामले तेथे ‘महाराज’ म्हणून विराजमान होते, म्हणजे ओट्याच्या जागी दरबार आला. ‘शिट्टी वाजली रे’मध्ये कुकरच्या आवाजाला खेळातील पंचाची आणि तमाशाच्या प्रेक्षकाची शिट्टी येऊन मिळते, आणि ‘रे’ हे संबोधन पुरुषाला उद्देशून आहे. १८ वर्षांच्या काळातील या तिन्ही शीर्षकांत रोज रांधणाऱ्या व्यक्तीचे नाव नाही. शीर्षक हा संहितेचा उंबरठा मानला, तर ती व्यक्ती उंबरठ्याबाहेरच राहिली आहे.

४

या संहितेशेजारी दुसरी एक संहिता ठेवून पाहिल्यास तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. ‘रुचिरा’ (१९७०) हे कमलाबाई ओगले (१९१३-१९९९) यांचे पुस्तक. आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडल हे त्यांचे जन्मगाव. शालेय शिक्षण जेमतेम चार इयत्तांचे. स्वयंपाकाचे शिक्षण झाले ते लग्नानंतर सांगलीच्या घरात, सासूच्या हाताखाली. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि लेखिकेला कौतुकाने लाख सुनांची सासू म्हटले गेले.

‘रुचिरा’चे महत्त्व तिच्या मापांत आहे. वाटी आणि चमचा ही तिची मापे आहेत. वरवर पाहता ही केवळ सोय वाटते. परंतु तिच्यामागे वाचकाविषयीची एक स्पष्ट भूमिका आहे. वाटी प्रत्येक घरात असते आणि प्रत्येक घरातील वाटी वेगळी असते. लेखिका प्रमाण देते ते घटकांमधल्या नात्याचे. परिमाणाचा निर्णय वाचणाऱ्या स्त्रीकडे राहतो. घर चार माणसांचे की चौदा, हे तिला ठाऊक असते. आधुनिक साहित्यसिद्धान्ताने वाचकाच्या सहभागाविषयी जे विवेचन केले, त्याचा व्यवहारातील नमुना या पुस्तकात सापडतो. वाचणारीने प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय ही संहिता पूर्ण होत नाही. शिवाय प्रत्येक पाककृती पडताळून पाहता येते. बिघडली तर लेखिकेशी असहमत होता येते, पुढच्या वेळी मीठ कमी करता येते, पानाच्या समासात पेन्सिलीने खूण करता येते.

यातूनच दोन्ही संहितांमधील खरा भेद पुढे येतो. तो पुनरावृत्तीचा आहे. ‘रुचिरा’ गृहीत धरते की पदार्थ पुन्हा होणार आहे, आणि कालच्यासारखाच व्हावा अशी इच्छा आहे. स्पर्धा गृहीत धरते की पदार्थ एकदाच होणार आहे, आणि तो कालच्यापेक्षा वेगळा असला पाहिजे. स्पर्धेला अपूर्वता हवी असते; घराला सातत्य हवे असते. रोजची भाकरी तशीच फुगणे आणि आमटीची चव मंगळवारी व शनिवारी एकच लागणे हे घरगुती कौशल्याचे सर्वोच्च रूप आहे. दूरचित्रवाणीला मात्र त्याचे चित्रण करता येत नाही, कारण सातत्य एका भागात दिसत नाही.

सातारा-सांगलीकडची वर्षाची कांदा-लसणाची चटणी याचे नेमके उदाहरण ठरते. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, देठे खुडायची, मसाले तेलात भाजायचे, कांदा-लसूण परतायचा, डंकावर सारे कांडून आणायचे आणि बरणीत दाबून भरायचे. या कामात शेजारपाजारच्या बायकांचे हात असतात. चटणी चांगली झाली की नाही, याचा निकाल साठ मिनिटांत लागत नाही. तो पावसाळ्यात लागतो, जेव्हा बुरशी येते किंवा येत नाही. आणि पुढच्या फाल्गुनात लागतो, जेव्हा बरणीच्या तळाशी उरलेल्या चटणीचा वास पहिल्या दिवसासारखा असतो किंवा नसतो. तिचा कर्ता एक नसतो आणि परीक्षक म्हणजे वर्षभर जेवणारे घर. घड्याळ, एकल स्पर्धक आणि एकच घास या तीन संकेतांत ही चटणी बसत नाही. म्हणून ती संहितेत आली तरी चमचाभर मसाला म्हणून येते. कौशल्य म्हणून येत नाही.

५

प्रादेशिक पदार्थांना या मंचावर जे स्थान मिळते त्याचाही विचार आवश्यक आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या दोन जिल्ह्यांत कृष्णाकाठचा ऊस, हळद आणि वांगी आहेत, तशीच माण, खटाव, आटपाडी, जतची कोरडी जमीनही आहे. हुलग्याचे माडगे, शेंगोळे, आंबील, घुगऱ्या हे या कोरड्या भागाचे अन्न. कमी पाण्यावर येणारे कडधान्य, थोडे पीठ आणि पुष्कळ पाणी या हिशेबातून ते घडले. शेंगोळ्यांत पिठाची वळी मसाल्याच्या पाण्यात शिजतात आणि तेच पाणी रस्सा होते. वेगळी भाजी लागत नाही. म्हणजे या पदार्थाची रचनाच टंचाईने केली आहे.

स्पर्धेच्या मंचावर शेंगोळे ‘विस्मृतीत गेलेला पारंपरिक पदार्थ’ म्हणून अवतरू शकतात. वर कोथिंबिरीचे पान, खाली काळी पाटी, अशी त्यांची मांडणी होते. पिअर बुर्दिय यांनी ‘डिस्टिंक्शन’ (१९७९) मध्ये गरजेतून घडलेली रुची आणि गरजेपासून दूर असण्याच्या सुस्थितीतून घडलेली रुची असा भेद केला आहे. पहिल्या रुचीचे अन्न दुसऱ्या रुचीच्या चौकटीत मांडले की त्यातील इतिहास गळतो आणि नवलाई उरते. पदार्थाचा सन्मान होतो. ज्या परिस्थितीने तो घडवला तिचा उल्लेखही होत नाही.

मराठी साहित्याने हा उल्लेख टाळलेला नाही, आणि त्यात याच भूमीतील लेखकांचा वाटा मोठा आहे. माणदेशातील व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ गावच उठवून लावतो. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत काम गेलेला माणूस पोटासाठी प्रेते उकरू लागतो. आटपाडीच्या शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये (१९८१) गावकीच्या चाकरीपोटी मिळणाऱ्या भाकरीमागची अवहेलना आहे. अलीकडे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) मध्ये मराठवाड्यातील दलित जातींच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आणि शीर्षकातच प्रस्थापित वचनाला प्रश्न विचारला. या साऱ्या लेखनात ‘काय रांधले’ याच्या आधी ‘काय मिळाले’ हा प्रश्न येतो. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर वाटलेल्या सुकडीची चव कोणी गुणांत मोजली नाही. स्पर्धेत मात्र साहित्याचे कपाट नेहमी भरलेले असते. टंचाई असलीच तर ती आयोजकांनी नियम म्हणून निर्माण केलेली आणि तासाभराने संपणारी असते.

६

एवढ्यावरून हा प्रकार सर्वस्वी टाकाऊ ठरवणे एकांगी होईल. स्वयंपाकघरातील निनावी कौशल्याला या कार्यक्रमांनी नाव आणि चेहरा दिला, हे मान्य केले पाहिजे. पंकज भदौरिया यांच्यासारख्या शिक्षिकेला यातून नवा व्यवसाय मिळाला. घरातील जेवणावर जेथे ‘बरे झाले’ एवढाही शेरा मिळत नाही, तेथे परीक्षकाने केलेली मसाल्याची बारकाईने चर्चा ही दखलच असते. स्वयंपाक हा बुद्धीचा व्यवहार आहे, त्यात निवड, अंदाज आणि विवेक लागतो, ही जाणीव त्यांनी घराघरांत पोहोचवली. ओट्याशी उभा राहिलेला पुरुष थट्टेचा विषय राहिला नाही, हेही त्यांचेच श्रेय. नामवंत अभिनेता गोंधळताना दिसतो, तेव्हा हे काम अवघड आहे, एवढे तरी प्रेक्षकाला कळते.

मात्र ही दखल सशर्त आहे. कौशल्याने घर सोडावे, वेगळेपण धारण करावे आणि इतरांना मागे टाकावे, तरच ती मिळते. स्वयंपाकाचे मूल्यमापन याहून वेगळ्या निकषांवर होऊ शकते, याची साक्ष साताऱ्याच्याच इतिहासात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडले. तेथे प्रश्न पदार्थ कसा झाला हा नव्हता. सर्वांना पुरला का आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली का, हे होते. पुरणे आणि पंगत हे दोन निकष स्पर्धेच्या गुणपत्रिकेत नाहीत. ते नसल्यामुळेच स्वयंपाकाकडे केवळ कला म्हणून पाहणे तिला शक्य होते.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा ज्या दोन भूमिका उलगडून दाखवल्या, त्यांचा ताण या संदर्भातही जाणवतो. स्वयंपाकाला कलेचा दर्जा देताना त्याचे लौकिक प्रयोजन, म्हणजे भूक भागवणे, बाजूला सारावे लागत असेल, तर त्या दर्जाची किंमत तपासली पाहिजे. मराठी समीक्षेने रस आणि रुची हे शब्द जेथून उचलले, त्या स्वयंपाकघराचे ऋण फेडण्याचा एक मार्ग म्हणजे हे शब्द आता कोणासाठी आणि कोणाच्या वतीने वापरले जात आहेत, याची चौकशी करणे. या प्रकाराचा पुढील अभ्यास कोण जिंकले यापाशी थांबू नये. स्पर्धक चित्रीकरणासाठी मुंबईला गेलेली असते तेव्हा तिच्या घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक कोणी केला, हा प्रश्नही त्याने विचारावा. ‘हौशी’ या संज्ञेची खरी कसोटी त्या उत्तरात आहे.